एमएच-०९ पासिंगची सेकंड हँड एसयूव्ही घेताय? आधी विचारा, पुरात ती कुठं उभी होती?

'सिंगल ओनर, शोरूम मेंटेन, नॉन ॲक्सिडेंट, चारही टायर नवीन.' कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळा, हीच वाक्यं सगळीकडं दिसतील. किलोमीटर लिहितात, ॲव्हरेज लिहितात, 'डॉक्टर युज्ड' सुद्धा लिहितात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाडी कुठं होती, हे मात्र कुणी लिहीत नाही.

हा प्रश्न आत्ता काढायचं कारण म्हणजे साधा तारखांचा हिशोब. फोर्ड इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये, तर महिंद्रा एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाई व्हेन्यू २०१९ मध्ये. चार मीटरच्या आतल्या या छोट्या एसयूव्हींची पहिली मोठी खेप आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं चालली आहे. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पुराच्या वेळी नव्या होत्या, कुणाच्या तरी पार्किंगमध्ये उभ्या होत्या.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून थेट १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना हा फायदा मिळाला. नवीन स्वस्त झाली की जुनीला खाली यावंच लागतं. म्हणजे पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला एसयूव्ही आवाक्यात दिसायला लागली. चांगलंच आहे, पण स्वस्त गाडी दोन कारणांनी स्वस्त असू शकते.

कोल्हापूरचा पूर मुंबईसारखा नसतो

मुंबईत पाणी तुंबतं आणि बऱ्याचदा काही तासांत उतरतं. पंचगंगेचं तसं नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्याही बरंच वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग दोन्ही वेळा काही दिवस बंद होता. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, बापट कॅम्प या भागांत पाणी शिरलं. शिरोळ तालुक्यात आणि सांगलीत तर विचारूच नका. २०२४ च्या जुलैतही नदीनं धोका पातळी ओलांडली होती.

त्यामुळं इथली बुडालेली गाडी तासभर भिजलेली नसते. ती गाळाच्या पाण्यात दिवसचे दिवस बसलेली असते आणि दोघींच्या नुकसानीत मोठा फरक पडतो.

इकोस्पोर्टच्या जाहिरातीत फोर्ड ५५० मिलिमीटर पाण्यातून गाडी नेता येते असं सांगायची. एसयूव्ही म्हणजे उंच, मग पाण्याचं काय टेन्शन, असं अनेकांना आजही वाटतं. पण तो आकडा पाण्यातून हळू गाडी काढण्याचा आहे, पाण्यात उभी ठेवण्याचा नाही.

पाणी नेमकं काय करतं?

इंजिनाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि मालकानं घाईत सेल्फ मारला, की पिस्टन पाण्यावर आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हा बिघाड महाग असला तरी लगेच समजतो. शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी इंजिन उघडून बांधणारे हात कमी नाहीत, ते दुरुस्तही होतं.

खरी अडचण विजेची आहे. आजच्या गाडीत वायरिंगचं जाळं कार्पेटखालून जातं आणि जागोजागी कपलर असतात. त्यात गाळाचं पाणी शिरलं की तांब्यावर हिरवट थर चढायला लागतो. गाडी धुऊन, वाळवून, सुगंध मारून विकली जाते तेव्हा सगळं चालू असतं. मग सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी काच अर्ध्यात अडकते, सेंट्रल लॉक आपोआप उघडतं, सेन्सरचा दिवा लागतो आणि विझतो. गॅरेजवाला एक सेन्सर बदलतो, मग दुसरा. मूळ दुखणं वायरिंगमध्ये असतं आणि अख्खं वायरिंग बदलण्याचा खर्च कुणाला परवडत नाही.

एअरबॅगचं कंट्रोल मोड्यूल बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, जमिनीलगत बसवलेलं असतं. म्हणजे सीटपर्यंत पाणी आलं तरी ते बुडालेलं असू शकतं. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. पण ते स्टार धडधाकट गाडीचे आहेत. चाचणीतल्या एअरबॅग उघडल्या म्हणून चार दिवस पाण्यात बसलेल्या गाडीतल्याही उघडतील, याची हमी कुणी देत नाही. माझ्या मते फसवणुकीतला सगळ्यात गंभीर भाग हाच आहे. काच अडकली तर पैसे जातात, एअरबॅग उघडली नाही तर माणूस.

मग कागदावर हे दिसत का नाही?

अमेरिकेत विमा कंपनीनं बाद ठरवलेल्या गाडीच्या मालकी कागदावर तसा शिक्का बसतो, अनेक राज्यांत 'पुरातली गाडी' असाही. आपल्या आरसी कार्डवर मालकाचं नाव असतं, बँकेचा बोजा असतो, चेसीस नंबर असतो. पुराचा रकाना नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. पण मेख 'कायमची निकामी' या शब्दांत आहे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढं गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ती गाडी निकामी असतेच असं नाही, फक्त दुरुस्ती परवडत नाही. मग ती भंगाराच्या भावात विकली जाते. कमी खर्चात, वरवर दुरुस्त करून कुणी ती पुन्हा रस्त्यावर आणली तर कागद जुनेच, नंबर जुनाच. आणि ज्यांनी क्लेमच केला नाही, कारण विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यांच्या गाडीची तर कुठंच नोंद नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर पीयूसी सोडली तर सरकारी चाचणी नाही, आणि पीयूसी फक्त धूर मोजते.

नोंद नसली तरी खुणा असतात

पहिली खूण विम्यात. जुन्या पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' लिहिलेला असतो. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम केला की पुन्हा शून्य. समजा २०१८ ची गाडी आहे, मालक एकच आहे, दरवर्षी वेळेत विमा भरलाय. तर २०२३ मध्ये तिचा बोनस ५० टक्के असायला हवा. तिथं २० दिसत असेल, तर २०२१-२२ च्या सुमारास कशाचा तरी क्लेम झालेला आहे. कशाचा, ते विचारा. मात्र हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळं मालक बदलला असेल किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर हा हिशोब लागू पडत नाही.

दुसरी खूण सर्व्हिस रेकॉर्डमध्ये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला चेसीस नंबरवरचा इतिहास मालकाकडून मागवून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ किंवा २०२१ मध्ये गाडी टोचन करून आणली, ईसीयू बदलला, कार्पेट बदललं अशा ओळी शोधा. त्या काळातलं एकही बिल नसेल आणि आधी-नंतरची सगळी असतील, तर तेही काहीतरी सांगतं.

बाकी गाडीतच दिसतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघा. सीट पुढं सरकवून रुळांवरचा गंज बघा. स्टेपनी उचला, खालच्या खोबणीतला कोपरा बोटानं खरवडा. सात-आठ वर्षांच्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत असेल तर खूश होऊ नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो लागू नये अशी व्यवस्था केली आहे. स्कॅनर लावायचा असेल तर गाडी २०-३० किलोमीटर चालवल्यावर लावा, कारण विक्रीआधी एरर कोड पुसणं दोन मिनिटांचं काम असतं.

आणि पूर सोडून?

मॉडेलनुसार दुखणी आहेतच. इकोस्पोर्टचं १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक, २०१७ पर्यंतचं, सहा गिअरच्या ड्युअल क्लचवालं, टाळलेलं बरं. हळू चालवताना थरथर ही त्या गिअरबॉक्सची जगभरची तक्रार. ऑस्ट्रेलियात फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्टच्या ग्राहकांच्या याच तक्रारी ज्या पद्धतीनं हाताळल्या, त्याबद्दल कोर्टानं २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. डिझेल मॅन्युअल इकोस्पोर्ट मात्र वेगळी गोष्ट, ती दणकट आहे. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळं बॉडीचे पार्ट मिळतात का हे घेण्याआधीच चौकशी करून ठेवा.

ब्रेझाचं २०२० पर्यंतचं १.३ डिझेल इंजिन मूळ फियाटचं, स्विफ्ट आणि डिझायरमध्येही तेच. गावातला कुठलाही मिस्त्री ते डोळे मिटून उघडेल. माझं मत विचाराल तर कमी कटकटीची जुनी एसयूव्ही हवी असेल तर पहिली नजर इथं टाका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी महामार्गावर सलग पळावी लागते. राजारामपुरी ते रंकाळा एवढंच फिरलेली, कमी किलोमीटरची डिझेल गाडी म्हणूनच तितकी खास नाही. 'डॉक्टर युज्ड'चं कौतुक इथं उलटं पडू शकतं.

पेट्रोलवाल्यांचा प्रश्न ई-२० चा. आपल्याच ऊसपट्ट्यातलं इथेनॉल आपल्याच टाकीत येतं, पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्या २० टक्के मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेज काहीसं घटतं हे सरकारनंही मान्य केलंय. जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्या, लागले तर बदला. त्यासाठी सौदा मोडायची गरज नाही.

टोकन देण्याआधी

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि विक्रीसाठी गाडी ताब्यात घेतल्याचं त्यानं पोर्टलवर कळवायचं असतं. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. डीलरनं माहिती लपवली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. घरमालकाकडून थेट घेतलेल्या गाडीला तो रस्ता सहसा मिळत नाही, कारण तो व्यापारी नसतो.

एमएच-१२ किंवा एमएच-०८ पासिंग बघून निर्धास्त होऊ नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं होतं, जुलै २०२४ मध्ये पुण्याची एकतानगरी. बुडालेली गाडी बऱ्याचदा जिथं तिला कुणी ओळखत नाही तिथं विकली जाते.

सौदेपत्रात एक ओळ घाला: 'माझ्या माहितीप्रमाणे ही गाडी कधीही पुराच्या पाण्यात बुडालेली नाही व त्यासाठी विमा क्लेम घेतलेला नाही.' खाली विक्रेत्याची सही आणि तारीख. एवढ्यावर सही करताना समोरचा का-कू करायला लागला, तर टोकन खिशातच ठेवा आणि पुढची गाडी बघा.