पार्किंगच्या पैशातून कॅम्पसची बस धावेल का?

विद्यापीठाच्या आवारात गाडी लावायला शुल्क घ्यावे का, आणि घेतले तर तो पैसा कुठे जावा? अमरावती-अकोल्यात या प्रश्नाचे उत्तर एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहून शोधावे लागेल.

प्रश्न नेमका काय?

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. मार्डी रस्त्यावरच्या आवारात रोज वर्गाला येणारे असतात, तसेच गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्राच्या कामासाठी एका दिवसापुरते येणारेही. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा परिसरही असाच विस्तीर्ण आहे.

एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६६ टक्के सवलत आहे. पण ती बसस्थानकावर संपते. तिथून पुढे ऑटोचे पूर्ण भाडे, नाहीतर पायपीट.

फुकट पार्किंगचा खर्च कोण देतो?

मोकळ्या जागेत एका मोटारीसाठी, वळण्याच्या वाटेसह, साधारण २३ चौरस मीटर जागा धरली जाते. दुचाकी २ चौरस मीटरमध्ये उभी राहते. शिवाय फरसबंदी, दिवे, कॅमेरे, सुरक्षारक्षक. गाडीवाल्याकडून शुल्क घेतले नाही तरी हा खर्च होतोच. तो सामान्य निधीतून जातो. म्हणजे दर्यापूरहून एसटीने येणाऱ्या मुलीच्या शुल्कातून प्राध्यापकांच्या मोटारीची जागा राखली जाते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही पार्किंगचे शुल्क जमिनीच्या किमतीशी सुसंगत असावे, असे म्हटले आहे.

कुठे जमले, कुठे नाही?

अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये पार्किंगचे दर वाढवले आणि त्याच वेळी ‘यू-पास’ ही सवलतीची बसपास योजना आणली. वाढीव शुल्काचा पैसा या योजनेला मिळाला. गाडी महाग झाली, पण बसही हाताशी आली.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. उत्साह मोठा होता. काही वर्षांत पुण्यातील ही सेवा बंद पडली. देखभालीला कायमचा पैसा नसेल तर चांगली योजनाही टिकत नाही.

हिशेब कसा बसेल?

एक काल्पनिक उदाहरण घ्या. २०० मोटारींकडून महिना ५०० रुपये आणि १,००० दुचाकींकडून ५० रुपये घेतले, तर महिन्याला दीड लाख जमतात. यातून शहर बससेवा उभी राहणार नाही. मात्र बसस्थानक ते विद्यापीठ अशा ठरावीक फेऱ्यांना आधार मिळेल, सायकलतळावर शेड पडेल, पायवाटेला सावलीची झाडे लागतील. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात सावलीशिवाय ‘सायकल चालवा’ सांगण्यात अर्थ नाही.

धोके कोणते?

पहिला धोका अन्यायाचा. वऱ्हाडात अनेकांची दुचाकी ही चैन नसते. गावात परतणारी शेवटची बस लवकर निघून जाते म्हणून ती घ्यावी लागते. अशा मुलांवर आधी शुल्क लादले आणि बस नंतर आणली, तर तो निव्वळ दंड ठरेल.

दुसरा धोका हिशेबाचा. योजना यशस्वी झाली की गाड्या कमी होतात आणि शुल्कही घटते. म्हणून बस केवळ पार्किंगच्या भरवशावर सोडता येणार नाही. महापालिका आणि एसटी महामंडळाचा वाटा लागेलच.

तिसरा धोका सर्वांच्या ओळखीचा. स्टँडचा ठेका दिला जातो, पावत्या फाटतात आणि पैसा कुठे गेला ते कळत नाही.

मग करावे काय?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फेऱ्या सुरू कराव्यात, त्यांच्या वेळा एसटीच्या गाड्यांशी जुळवाव्यात. मग शुल्काची सुरुवात मोटारींपासून व्हावी, अधिकारी आणि प्राध्यापकांसह. दुचाकीला नाममात्र दर असावा. सायकल आणि दिव्यांगांची वाहने मोफत. जमा रकमेचे अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष असावे आणि तिचा हिशेब दरवर्षी अधिसभेपुढे यावा. हे मान्य नसेल तर शुल्क घेऊच नये.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेवर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी थर टाकून विश्वविक्रम झाला. त्यापुढे बसस्थानक ते विद्यापीठ हे अंतर किरकोळ आहे. ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असे करणे हीच या शुल्काची कसोटी.