मोठ्याने वाचा, आणि मध्येच थांबवू द्या

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. २०१५ पासूनची ही प्रथा. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, घरी दोघे आणि विभागातही दोघे, त्यामुळे त्या दिवसाची जबाबदारी साहजिकच आमच्याकडे येते. ग्रंथपूजन होते, पाहुण्यांचे भाषण होते, मोबाइलने वाचन संपवले हे विधान किमान तीनदा होते. अलीकडे या भाषणांत एक उपाय आवर्जून सांगितला जातो. घरातील सर्वांनी रोज अर्धा तास एकत्र बसावे आणि एकाने मोठ्याने वाचावे. त्याने मुलांवर संस्कार होतात, शब्दसंग्रह वाढतो, घर एकत्र राहते.

या उपायाला आमचा विरोध नाही. त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कारणांना आहे. भाषण संपल्यावर अध्यापक कक्षात चहा घेताना आमचे पुरोगामी मित्र जे बोलतात, त्यालाही आहे. ‘म्हणजे पुन्हा घरोघरी पोथ्या लावायच्या का?’ असे ते विचारतात. व्यासपीठावरचे पाहुणे आणि कक्षातले मित्र एकमेकांचे विरोधक दिसतात खरे, परंतु दोघांचे एका गृहीतकावर पूर्ण एकमत आहे. एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, तेव्हा ऐकणारे निमूटपणे ते स्वीकारतात, हे ते गृहीतक. एकाला हे हवे आहे, दुसऱ्याला नको आहे, इतकाच फरक. आमच्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे.

पोथीपासूनच सुरुवात करू. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरांनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ रचले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ चातुर्मासात ते घरोघर, ओसरीवर, देवळात वाचले गेले. या वाचनाचा मान कोणाचा, माजघरात कोण, ओसरीवर कोण आणि अंगणाबाहेर कोण, हे जातीने आणि लिंगाने ठरवले होते. त्याचे उदात्तीकरण करण्याचे आम्हांला काही कारण नाही. पण त्या वाचनाची रीत पाहण्यासारखी आहे. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगायचा म्हटला की शंका आलीच. ऐकणारी अक्षरशत्रू म्हातारी ‘थांब रे, पुन्हा सांग’ म्हणू शकत असे. मूकवाचनात पुस्तकाला अशा रीतीने थांबवणारा दुसरा कोणी नसतो.

या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे, पण आमच्या अनुभवात ते फारसे ठाऊक नसते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तीत त्यांनी आपल्या घराची एक आठवण दिली आहे. वडील रामजी हे कबीरपंथी आणि शिस्तीचे कडक. रोज रात्री झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांचे थोरले बंधू यांनी महाभारत-रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा, आणि बहिणी व कथा ऐकण्यासाठी घरी जमलेली इतर मंडळी यांनी तो ऐकायचा, असा नियम होता. तो कित्येक वर्षे चालला.

व्यासपीठावरच्या पाहुण्यांना हे उदाहरण मिळाले, तर ते इथेच थांबतील. पहा, संस्कारातून महापुरुष घडला! पण आठवण इथे संपत नाही. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. ते वाचल्यावर त्याने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी पुन्हापुन्हा येते, ते आम्ही का वाचायचे? वडिलांना प्रश्न आवडला नाही. आधी त्यांनी दटावले. मुलगा हटेना, तेव्हा कधीतरी उत्तर दिले की, द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखे सामान्य स्थितीतले लोक कोठवर चढले ते पाहा, म्हणजे मनातला न्यूनगंड जाईल. या उत्तरात तथ्य आहे हे मुलाला दिसले, समाधान मात्र झाले नाही.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे असमाधान. रात्रीच्या त्या वाचनाने भीमरावांना आज्ञाधारक बनवले नाही. वर्षानुवर्षे स्वतःच्या तोंडाने उच्चारलेला, घरच्यांसमोर वाचलेला मजकूर त्यांना आतून-बाहेरून माहीत झाला होता, म्हणूनच त्याच्याविरुद्ध नेमका प्रश्न उभा करता आला. शिवाय तो प्रश्न ज्यांना विचारायचा, ते वडील त्याच घरात, त्याच मजकुराचे साक्षीदार म्हणून हजर होते. केळुसकरांचे पुस्तक नसते तर कदाचित तो प्रश्न सुचला नसता, हे मान्य. पण म्हणूनच घरात एकच पुस्तक पुरत नाही, दुसरे लागते.

मोठ्याने वाचणे ही सनातन्यांची मिरास आहे असे मानणाऱ्या मित्रांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला, तेव्हा मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी आपण तो लोकांना वाचून दाखवल्याचे त्यांनीच नोंदवले आहे. ज्यांच्यासाठी तो ग्रंथ होता, त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. तेव्हा डोळ्यांपर्यंत न पोचणारा मजकूर कानांपर्यंत नेणे हा फुल्यांच्या कार्यपद्धतीचाच भाग होता. आज आपण ‘असूड’ शिकवतो तो टिपणांतून. वर्गात त्याचे एक अख्खे प्रकरण मोठ्याने वाचल्याचे आम्हां दोघांना आठवत नाही, आणि हा दोष प्रथम आमचा आहे.

आता थोडे घरातले. गेल्या पावसाळ्यात आम्ही रोज रात्री जेवणानंतर ‘स्मृतिचित्रे’ वाचायचे ठरवले. श्रोते दोन, बारा वर्षांची मुलगी आणि तिची आजी. मुलगी पहिले तीन दिवस जांभया देत होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग आले आणि आजी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता म्हणाल्या, ‘आमच्याकडे काय निराळं होतं? चार दिवस बाहेर बसायचं, पोथी ऐकायची तीसुद्धा दारापासून लांब.’ मुलीने पुस्तकावर हात ठेवून वाचन थांबवले. ‘आजी, मग तू काही बोलली का नाहीस?’ आजी गप्प झाल्या. त्या रात्री पुढचे पान वाचले गेले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी आपण होऊन नातीला सांगितले, ‘बोलायचं असतं हेच माहीत नव्हतं.’

वीस वर्षांत त्या घरात या विषयावर एक शब्द निघाला नव्हता. आम्ही स्त्रीवादी समीक्षेवर व्याख्याने दिली, चर्चासत्रांत शोधनिबंध वाचले, आणि शेजारच्या खोलीतल्या स्त्रीला हा प्रश्न विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. लक्ष्मीबाईंचा मजकूर मोठ्याने उच्चारला गेला म्हणून तो निघाला. मुलीने ते पुस्तक आपल्या खोलीत एकटीने वाचले असते, तर तिला कदाचित ते आवडलेही असते. पण प्रश्न तिच्याजवळच राहिला असता.

यावर काही आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, आता श्राव्य पुस्तके आहेत, उत्तम आवाजात आहेत, मग घरच्या अडखळणाऱ्या वाचनाची गरज काय? श्राव्य पुस्तकांचे आम्ही स्वागतच करतो. प्रवासात आणि दृष्टिहीन वाचकांसाठी त्यांचे मोल मोठे आहे. पण कानात यंत्र खोचून प्रत्येकाने आपापले ऐकणे हे मूकवाचनाचेच दुसरे रूप आहे. ध्वनिमुद्रित आवाजाला प्रश्न विचारता येत नाही, आणि तो ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, एका खोलीत सहाजण राहणाऱ्या घरांना हा उपदेश म्हणजे मध्यमवर्गीय चैन नव्हे काय? रोज अर्धा तास, स्वतंत्र कोपरा, भरलेले कपाट अशी अट घातली तर ती निश्चितच चैन आहे. परंतु सहवाचनाला एकच प्रत लागते, आणि वाचता येणारे एकच माणूस पुरते. मूकवाचनाला मात्र प्रत्येकाची साक्षरता आणि प्रत्येकाचा एकांत लागतो. मग चैन कोणती?

उरतो आमच्या विभागांचा प्रश्न. एम. ए.च्या वर्गात ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा मोठ्याने वाचायला सांगितली, तर बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या वाक्यालाच अडखळतात. याचे कारण त्यांची अनास्था हे नव्हे. शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत त्यांना कोणी ऐकलेलेच नसते. नेट-सेटच्या बहुपर्यायी प्रश्नांना आवाज लागत नाही, आणि आम्हीही तो मागत नाही. म्हाइंभटांनी भक्तांच्या तोंडून ऐकून जे जमवले, ते आम्ही मुक्याने शिकवतो. ही मुले उद्या शिक्षक होतील, आईबाप होतील, आणि त्यांनी घरी मोठ्याने वाचावे असे भाषण त्यांनाच ऐकवले जाईल.

म्हणून येत्या १५ ऑक्टोबरला आमच्या विभागात भाषण ठेवायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. ‘असूडा’चे एक प्रकरण पाळीपाळीने वाचायचे, शिपाई, ग्रंथपाल, विद्यार्थी, अध्यापक सर्वांनी. नियम एकच असेल: कोणीही, केव्हाही, हात वर न करता वाचणाऱ्याला थांबवू शकेल. प्रकरण पूर्ण झाले नाही, तरी आमची तक्रार नसेल.