समृद्धी महामार्गावर १२० आणि १५० मध्ये खरा फरक किती? नववीचं सूत्र लावून बघूया

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. तेव्हापासून माझ्या फीडमध्ये स्पीडोमीटरचे रील्स येतच आहेत. काटा १५० वर, मागे गाणं. आणि खाली एक ठरलेला युक्तिवाद: "रस्ता १५० साठीच डिझाइन केलाय, मग लिमिट १२० का?"

आधी हा गोंधळ दूर करूया. डिझाइन स्पीड म्हणजे वळणं, चढउतार आणि पुढचं किती अंतर दिसावं, हे ठरवताना इंजिनिअरने धरलेला आकडा. ती चालवायची परवानगी नाही. सपाट भागात कारसाठी मर्यादा ताशी १२० किमीच आहे. पण "फक्त ३० ने काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर नियमात नाही, फिजिक्समध्ये आहे.

सूत्र तुम्हाला आठवत असेल:

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेग × वेग

वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर ज्यूलमध्ये. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. आपली कार १२०० किलोची धरू.

• ८० किमी: साधारण २.९६ लाख ज्यूल
• १२० किमी: साधारण ६.६७ लाख ज्यूल
• १५० किमी: साधारण १०.४२ लाख ज्यूल

सूत्रात वेग दोनदा येतो, सगळी गंमत तिथेच आहे. १२० वर असताना गाडीत ३०० किलो वजन वाढवलं, म्हणजे २५ टक्के, तर ऊर्जाही २५ टक्केच वाढते. पण वेग २५ टक्के वाढवून १५० केला, तर ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते.

आता मला सगळ्यात जास्त हादरवणारं गणित. दोन सारख्या कार शेजारी शेजारी, एक १२० वर, दुसरी १५० वर. समोर अचानक बंद पडलेला ट्रक दिसतो. दोघीही एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक दाबतात. १२० ची कार ट्रकच्या अगदी जवळ जाऊन थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग किती असेल? बरेच जण ३० म्हणतील. उत्तर आहे ९०.

कारण ब्रेक वेग "वजा" करत नाही, ऊर्जा काढून घेतो. तेवढ्याच अंतरात दोन्ही गाड्यांची सारखीच ऊर्जा जाते. म्हणून १५० चा वर्ग २२,५०० मधून १२० चा वर्ग १४,४०० वजा करा. उरतात ८,१००, त्याचं वर्गमूळ ९०. पायथागोरसचा ३-४-५ त्रिकोणच हा!

९० च्या वेगाने धडकणं म्हणजे साधारण ३२ मीटरवरून, दहा मजली इमारतीवरून खाली पडण्याएवढं. आणि यात आपण ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. त्या एका सेकंदात १५० ची गाडी जवळपास ४२ मीटर पुढे जाते, १२० ची ३३ मीटर. म्हणजे प्रत्यक्षात आकडा ९० च्याही वर. दोन सेकंद मोबाईलकडे बघितलं तर १५० वर ८३ मीटर रस्ता न बघताच संपतो.

बदल्यात मिळतं काय? १०० किमीला १२० ने ५० मिनिटं लागतात, १५० ने ४०. दहा मिनिटं वाचली, तीही रस्ताभर १५० टिकवलं तर.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. तिथे चूक झाली तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. रस्त्यावर ती सोय नाही. एअरबॅग, एबीएस, फोनमधलं क्रॅश डिटेक्शन, सगळं उपयोगाचं आहे, पण यातलं काहीही या सूत्रातला वर्ग काढून टाकू शकत नाही. पुढच्या वेळी ड्रायव्हिंग सीटवरचा मित्र "रस्ता मोकळाय रे" म्हणाला, की त्याला विचारा: १५० चा वर्ग वजा १२० चा वर्ग किती?