स्वस्त म्हणजे कुणासाठी?

४ एप्रिल २०२४. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत ‘नेक्सकार-१९’ या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराचं लोकार्पण केलं. परदेशाच्या एक-दशांश किमतीत कॅन्सरवर उपचार! मीही अभिमानाने स्टेटसला ठेवलं.

काही महिन्यांनी पाथर्डीहून मामीचा फोन आला. मामाच्या गाठी परत आल्या होत्या, केमो लागू पडत नव्हती. “ते तू टाकलं होतं ना विषाणूचं, केवढ्याला पडतं रे?”

“साधारण ४० लाख.”

मामी गप्प. मग म्हणाली, “मंग राहू दे.”

तंत्रज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात. एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूचा रोग पसरवणारा भाग काढून त्यात नवं जनुक भरतात. पेशीत घुसणं हे विषाणूचं जन्मजात कसब. तो जनुक आत पोहोचवतो आणि टी-पेशी कॅन्सरच्या बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखू लागते. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. धोके आहेतच, पण केमो हरल्यावर हा आकडा मोठा आहे.

माझी तक्रार ‘स्वस्त’ या शब्दाबद्दल आहे. बेंचमार्क चुकीचा निवडला की कुठलाही कोड वेगवान दिसतो. आपण किंमत अमेरिकेशी ताडली, पाथर्डीशी नाही. मामा-मामी ऊसतोडीला जातात. एका कोयत्याची उचल लाखभर धरली, तरी ४० लाख म्हणजे ४० हंगाम. महात्मा फुले योजनेचं कवच वर्षाला ५ लाखांचं. बाकीचे ३५ कुठून आणायचे? रान विकून?

“एवढ्या पैशांत शेकडो जणांची तपासणी होईल,” असं कुणी म्हणेल. तपासणी व्हायलाच हवी. पण ही निवड नेहमी गरिबालाच का करायला लावता? हे संशोधन आयआयटी आणि टाटा मेमोरियलमध्ये झालं, म्हणजे जनतेच्या पैशांवर. मामीही काडेपेटीपासून मोबाईलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरते.

म्हणून मागणी सरळ आहे. अशा उपचारांसाठी सरकारने वेगळा निधी उभारावा, सगळ्यांच्या वतीने एकत्र खरेदी करून किंमत पाडून घ्यावी, आणि या पेशी सरकारी रुग्णालयांतच तयार करण्याची सोय करावी. विषाणूला पेशीच्या आत शिरायला शिकवलंत. आता उपचाराला पाथर्डीत शिरायला शिकवा.

मी ते स्टेटस पुन्हा ठेवेन. मामीला “राहू दे” म्हणावं लागणार नाही, त्या दिवशी.