चहापाणी : महिला मंडळ



नगर जिल्ह्यातल्या एका गावी रविवारच्या उपासनेला बसण्याचा योग आला. उपासना संपल्यावर मंडळीच्या सूचना वाचल्या गेल्या. छपराच्या दुरुस्तीची कमिटी : सगळे पुरुष, नावानिशी. सणाच्या वर्गणीचा हिशेब : पुन्हा पुरुष, नावानिशी. शेवटी ‘चहापाणी : महिला मंडळ’. नाव एकीचेही नाही.

त्या चहाच्या भांड्यांपाशीच एक बाई माझ्याशी बोलायला थांबली. नवरा मारतो. पाळकांना सांगितले, तर ‘प्रार्थना करा, त्यांचे मन पालटेल’ एवढेच उत्तर मिळाले. ‘आमच्यात सोडचिठ्ठी नसते ताई,’ असे वर तीच मला समजावत होती.

नसते कशी? १८६९ सालच्या कायद्यातही होती, पण माप दुहेरी होते. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोने मात्र नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. जोडीला क्रूरता नाहीतर दोन वर्षे टाकून दिल्याचे दाखवावे लागे. म्हणजे मार खाणाऱ्या बाईला नुसत्या माराबद्दल सुटका नव्हती! ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडल्या. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. आता क्रूरता हे एकटे कारणही चालते, परस्पर संमतीनेही घटस्फोट मिळतो. शिवाय घरातल्या हिंसेविरुद्धचा २००५चा कायदा सर्वधर्मीय बायकांना आहे. इतक्या वर्षांत यातले एक अक्षर त्या बाईच्या कानावर गेले नाही. छपराची सूचना मात्र दर रविवारी जाते.

आणि हे कुठे, तर नगर जिल्ह्यात! मुलींच्या शाळांसाठी सिंथिया फरार १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली इथेच वारली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणून लक्ष्मीबाई मुकाट त्यांच्या मागे गेल्या नाहीत. स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, असे धरून चालणाऱ्या काळात पाच वर्षे!

‘बाई वेदीपाशी कशी उभी राहील?’ असे विचारणारे अजून भेटतात. कॅथलिकांत तिला ती वाट बंदच आहे. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत बायकांचीच एवढी गर्दी, पण मिस्सा पुरुषच अर्पण करणार. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मात्र स्त्रीला पाळक होता येते. दक्षिणेकडच्या चर्चमध्ये तर २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. तेव्हा ‘शास्त्रात बसत नाही’ ही सबब सगळीकडे चालणार नाही.

आपल्याही पदरात थोडे घालून घेऊ. समान नागरी कायद्याचा वाद निघाला की आपल्याला ख्रिस्ती बाई आठवते. एरवी आपल्या शिबिराच्या तारखा ठरवताना नाताळही ध्यानात राहत नाही. ती बाईही आमच्याकडे आपणहून आली नव्हती, मीच तिच्या दारी गेले होते, तेही दुसऱ्याच कामाने.

मंडळीची वार्षिक सभा जवळ आली आहे. तिथल्या तिघीजणींनी दोन मागण्या लेखी द्यायचे ठरवले आहे : पंचांत निम्म्या बायका हव्यात, आणि कायद्याची माहिती रविवारच्या सूचनांबरोबर मोठ्याने वाचली जावी. अर्जावर तिघींनी आपापली पूर्ण नावे घातली आहेत. त्या दिवशी चहा कोण करणार, हे अजून ठरलेले नाही.