उंदरांच्या रक्तवाहिन्या साफ झाल्या, तुमची गोळी मात्र चालूच ठेवा

‘नव्या औषधाने रक्तवाहिन्यांतील ब्लॉकेज विरघळले!’ अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. पूर्ण वाचल्यावर कळते की ब्लॉकेज उंदरांचे होते. पण नुसता मथळा वाचून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणारे रुग्णही असतात. म्हणून अशा बातमीचा नेमका अर्थ समजून घेऊ.

प्रयोग कसा होतो?

रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचून ती जाड आणि कडक होते. याला अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. उंदरांना हा आजार सहसा होत नाही. त्यामुळे ‘अ‍ॅपो-ई’ हे जनुक निकामी केलेले उंदीर घेतात आणि त्यांना चरबीयुक्त आहार देतात. माणसात अनेक वर्षांत साचणारा थर त्यांच्यात काही आठवड्यांत तयार होतो.

२०१६ मध्ये अशाच उंदरांना सायक्लोडेक्स्ट्रिन हा साखरेपासून बनणारा पदार्थ दिल्यावर थर कमी झाला. सुरुवात म्हणून हे चांगलेच आहे. पण माणसात हा थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि हार्ट अटॅक येतो. उंदरांत असे क्वचितच घडते. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती आहे, त्याची परीक्षा या प्रयोगात होतच नाही.

चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते

जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन शोधले. साध्या उंदरांत त्याने कोलेस्टेरॉल कमी झाले नाही. कोंबड्यांवर प्रयोग केला तेव्हा ते बरेच उतरले. नाहीतर हे औषध तिथेच मागे पडले असते.

टॉर्सेट्रॅपिबचे उलटे झाले. सशांत त्याने महाधमनीतला थर कमी केला. माणसांत ‘चांगले’ कोलेस्टेरॉल सुमारे ७२ टक्के वाढवले. पण १५,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ८२, तर न घेणाऱ्यांपैकी ५१ जण दगावल्याचे दिसले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा

- प्रयोग प्राण्यांवर झाला की माणसांवर?
- फक्त थर किंवा रिपोर्टमधला आकडा कमी झाला, की हार्ट अटॅक आणि मृत्यूही कमी झाले?
- किती रुग्णांवर आणि किती काळ चाचणी झाली?

तुम्ही काय करावे?

स्टॅटिन बंद केल्यावर काही आठवड्यांतच कोलेस्टेरॉल पुन्हा वाढते. स्टेंट बसवलेला असेल किंवा अटॅक येऊन गेला असेल, तर हा धोका आणखी मोठा. गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येते. बातमीही दाखवायला आणा, पण गोळी स्वतःहून थांबवू नका.