ओतूरचं पत्र आणि आपली संदर्भसूची



२० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतिरावांना पत्र लिहिलं. दुष्काळाने होरपळलेली माणसं आणि जनावरं, सावकारांची लूट, सत्यशोधकांची धरपकड, आणि त्याबद्दल कलेक्टरला जाब विचारणारी एक बाई, असं सगळं त्यात आहे. आज हे पत्र इंटरनेटवर सहज मिळतं. पण कुठे तारीख गाळलेली, कुठे ओतूर गायब. मग आपल्या अहवालात आणि मुलींच्या प्रबंधातही खाली एवढंच येतं : 'इंटरनेटवरून साभार'.

हा काय संदर्भ झाला? उद्या कुणी म्हणालं, असं पत्रच नव्हतं, तर दाखवणार काय? मा. गो. माळींनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' १९८८ साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलं. ते उघडून पान क्रमांक द्यावा. पुस्तक पाहिलंच नसेल तर प्रामाणिकपणे संकेतस्थळाचं नाव, पूर्ण पत्ता आणि आपण ते कधी वाचलं ती तारीख लिहावी. संकेतस्थळावरचा मजकूर रातोरात बदलतो, म्हणून ती तारीख.

नियतकालिकांचं तर आपणच हसं करतो. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, आणि नियतकालिकाचं नाव व साल माहीत आहे म्हणून तो आजही शोधता येतो. 'बायजा'तल्या लेखाखाली मात्र आपण नुसतं 'बायजा' लिहून मोकळ्या होतो. वर्ष, अंक, महिना, पृष्ठं नसतील तर ग्रंथालयातली बाई तरी कुठे शोधणार?

आणखी एक खटकणारी गोष्ट. विद्यापीठात चालणाऱ्या एपीए पद्धतीत आडनावापुढे फक्त आद्याक्षर येतं. 'साळवे, मु.' ही बाई की पुरुष, कसं कळावं? मार्कांसाठी विद्यापीठात पाळावं लागेल तिथे पाळा. आपल्या अंकात मात्र पूर्ण नाव छापायचं, असं माझं मत आहे.

मुलाखतींच्या बाबतीत तर आपण नावच देत नाही. 'आदिवासी महिला, आंबेगाव तालुका' एवढ्यावर भागवतो. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तिथून उठलेल्या बाईने आपली हकिगत सांगितली, तर तिचं नाव, तिचं बुडालेलं गाव आणि सांगितल्याचा दिवस सूचीत यायला हवा. अर्थात तिला विचारून. ती नको म्हणाली तर नाव वगळायचं, पण गाव आणि तारीख लिहायची का, हेही तिलाच विचारायचं.